बाळंतपण, पाळणाघर आणि थकबाकीची वही

अहमदाबादेत १९७४ साली एक बँक सुरू झाली. चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून ती उभी केली होती. भाजी विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, कापडाचे गठ्ठे डोक्यावरून वाहणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या अशा या बायका. बहुतेकींना सही येत नसे, म्हणून खात्याची ओळख फोटोवरून पटवायची. फोटोत बाई समोर बघते आहे, हातात पाटी, पाटीवर खातेक्रमांक. बँक चालू लागली, कर्जं वाटली गेली आणि बरीचशी वेळेवर फिटलीही. काही मात्र थकली, आणि थकलेल्या कर्जदारांच्या घरी बँक काढणाऱ्या संघटनेच्या बायका चौकशीला गेल्या. दारातच कळलं, की बाई वारली. आणखी काही घरी तेच. आणि या वारलेल्या कर्जदारांपैकी बहुतेक जणी बाळंतपणात गेल्या होत्या.

ही हकीकत जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मी थक्क होतो. घरच्या घरी होणारी बाळंतपणं आणि त्यात जाणाऱ्या बायका यांचा पत्ता दवाखान्याच्या रजिस्टरला नव्हता, कारण त्या दवाखान्यात पोचल्याच नव्हत्या. मृत्यूच्या नोंदीत कारणापुढे काय लिहिलं गेलं असेल, लिहिलं गेलं असेल तरी का, कोण जाणे. तो आकडा बसला होता कर्जाच्या थकबाकीत. एका आरोग्यप्रश्नाचं निदान बँकेच्या वहीने केलं! त्यातूनच पुढे या बायकांसाठी बाळंतपणाच्या मदतीची योजना निघाली, सुइणींचं प्रशिक्षण निघालं, आणि १९९० साली ‘लोक स्वास्थ्य मंडळी’ नावाची आरोग्यसेविकांची स्वतःची सहकारी संस्था नोंदली गेली.

ही बँक ‘सेवा’ची. इला भट्ट यांनी १९७२ साली सुरू केलेली, असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या बायकांची ही संघटना. नोंदणी करायला गेल्या तेव्हाची अडचण पुष्कळांनी ऐकली असेल : मालकच नाही, तर कामगार संघटना कुणाविरुद्ध? तोच प्रश्न पाळणाघराच्या बाबतीतही आडवा येतो. १९४८च्या कारखाने कायद्यात स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती, पण त्यासाठी कारखाना हवा, मालक हवा, हजेरीपटावर असलेल्या बायकांची ठरावीक संख्या हवी. रस्त्यावर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईच्या तान्ह्याला कायदा कुठे ठेवणार? तेव्हा या बायकांनी १९८६ साली ‘संगिनी’ नावाची बालसेवेची सहकारी संस्था काढली. मुलं सांभाळणाऱ्या बालसेविका त्याच वस्तीतल्या. त्यांचे आणि मुलं ठेवणाऱ्या आयांचे संस्थेत भाग. कारभारी मंडळ त्यांनीच निवडलेलं. आया दरमहा थोडी फी देतात, उरलेला खर्च सरकारी मदत, देणग्या आणि संघटनेच्या इतर उत्पन्नातून भागतो. केंद्र उघडं राहतं ते साधारण सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत, कारण आयांचं काम तोवर चालतं. दुपारीच बंद होणारी बालवाडी अशा बाईच्या उपयोगाची नसते.

आता कुतूहलाचा प्रश्न. अशी सेवा चांगली चालली आहे हे ओळखायचं कसं? आणि तिच्यामुळे कुणाच्या आयुष्यात खरोखर फरक पडला, हे सिद्ध कसं करायचं? साखरेचा उतारा मोजता येतो, दुधाचं फॅट मोजता येतं. पण एका मुलाला कुणीतरी दिवसभर प्रेमाने सांभाळलं, याचं माप कुठल्या यंत्रात घालायचं?

मापं आहेत, आणि त्यातलं एक अगदी साधं आहे. जरा जवळून पाहण्यासारखं. कुठल्याही अंगणवाडीत किंवा बालसेवा केंद्रात सेविकेकडे एक अरुंद पट्टी असते, लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांची. मुलाचा डावा हात सैल सोडायचा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती दंडाभोवती गुंडाळायची. आवळायची नाही, लोंबूही द्यायची नाही. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की लाल : तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळं, त्याच्या वर हिरवं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सगळ्या मुलांना हेच आकडे लागू होतात. पहिल्या वाढदिवसापासून पाचव्यापर्यंत मूल उंचीने केवढं वाढतं, पण निरोगी मुलाच्या दंडाचा घेर या काळात फारच थोडा बदलतो. तान्हेपणीची चरबी उतरते, स्नायू भरतात, आणि बेरीज जवळजवळ तीच राहते. शरीराने सेविकेसाठी एक सोय करून ठेवल्यासारखंच आहे हे : मुलाची जन्मतारीख कुणाला धड आठवत नसली तरी पट्टी आपलं काम करते.

वजनाचं तसं नाही. वजन सतत वाढत असतं, म्हणून ते तक्त्याशी ताडून पाहावं लागतं, आणि त्या तक्त्यामागेही एक विलक्षण कथा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. नीट खाऊपिऊ घातलेली, आईच्या दुधावर वाढलेली, आई सिगारेट ओढत नाही अशी मुलं निवडली, आणि दिसलं असं की पहिल्या पाच वर्षांत ही सगळी मुलं जवळजवळ एकाच रेषेने वाढतात. ओस्लोचं मूल आणि दिल्लीचं मूल! ‘आमच्याकडची मुलं मुळातच बारकी’ हे म्हणणं २००६ साली त्या तक्त्यांनी निकालात काढलं. कमी पडतं ते वाढीची रेघ लगेच खाली आणून दाखवतं.

पण मुलाचं वजन वाढलं, म्हणून पाळणाघर चांगलं, असं म्हणता येईल का? इथेच या विषयातली खरी गंमत सुरू होते. मूल वाढतंच. गेल्या वर्षी चार शब्द बोलणारी पोरगी यंदा अख्खी गोष्ट सांगते, हे पाळणाघरात घडलं तरी पाळणाघरामुळे घडलं असं नाही. ती घरी असती तरी बोललीच असती. तेव्हा ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना बालसेवेत जवळजवळ निरुपयोगी ठरते. खरी तुलना हवी ती ‘झालं’ आणि ‘नसतं तर काय झालं असतं’ यांची. दुसरी बाजू तर कुणी पाहिलेलीच नसते. आणि जी आई फी भरून मूल केंद्रात ठेवते ती कदाचित आधीच थोडी जास्त कमावणारी, थोडी जास्त धडपडी असेल. मग फरक केंद्राचा म्हणायचा, की आईचा?

‘नसतं तर’ काय होतं याची कल्पना द्यायला इतिहास पुरतो, आणि तो आपल्याच मुंबईचा आहे. १९२०च्या दशकात गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी झाली, तेव्हा तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन दिवसभर निजवून ठेवण्याची चाल सर्रास आढळली होती. बाळागोळी म्हणत तिला. ती देणाऱ्या आया निर्दय नव्हत्या. त्यांना दहा तास साच्यावर उभं राहायचं होतं आणि मूल सांभाळायला कुणी नव्हतं. खेडा जिल्ह्यात तंबाखू चाळणाऱ्या-निवडणाऱ्या कारखान्यांत ‘सेवा’च्या बायका पोचल्या तेव्हा तिथेही तान्ही मुलं त्याच धुळीत झोळीत टांगलेली असत. अशा ठिकाणी पाळणाघराचा पहिला परिणाम म्हणजे जे व्हायचं ते न होणं. न घडलेल्या गोष्टीची नोंद करणारा रकाना कुठल्याच नमुन्यात नसतो.

मग परिणाम शोधायचा कुठे? माझं मत असं झालं आहे, की काळजीचा परिणाम काळजी दिली जाते त्या खोलीत फारच थोडा दिसतो. तो दुसऱ्याच वहीत उमटतो. पाळणाघर चालू झालं की आईच्या कामाचे दिवस वाढतात, म्हणजे नोंद मजुरीच्या पुस्तकात होते. कर्जाचे हप्ते सुरळीत होतात, ते बँकेच्या वहीत. आणि मला सगळ्यात भारावून टाकणारी वही आहे शाळेच्या हजेरीची. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणारी आठ-दहा वर्षांची थोरली बहीण, पाळणाघर उघडलं की मोकळी होते आणि शाळेत जाऊ लागते. ज्या मुलीने त्या केंद्रात पाऊलही टाकलेलं नाही, तिच्या शिक्षणावर त्या केंद्राचा परिणाम होतो. केंद्राच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव कधीच नसणार. तिथल्या मुलांचीच तेवढी मोजदाद करून निघून जाणाऱ्या तपासनिसाला ती दिसणार नाही.

सहकाराची खुबी मला इथे दिसते. बँक, विमा, पाळणाघर, औषधांची दुकानं, संघटना, सगळीकडे सभासद त्याच बायका. म्हणून एका वहीतला प्रश्न दुसऱ्या वहीत शोधता येतो. थकबाकीतून बाळंतपण सापडलं ते याच वाटेने. निव्वळ पाळणाघर चालवणाऱ्या एकट्या संस्थेला, ती कितीही सचोटीची असली तरी, हे दिसणं अवघड.

‘सेवा’ने या वह्या एकत्र वाचण्याची एक रीत बसवली आहे. अकरा प्रश्न. कुठल्याही घटकसंस्थेने, मग ती दुधाची असो, शेतीची असो की बालसेवेची, आपलं काम या अकरा प्रश्नांपुढे उभं करायचं. सभासदांना काम जास्त मिळालं का? उत्पन्न वाढलं का? पोषक अन्न, आरोग्यसेवा, मुलांची सोय, घर, हे मिळालं का? मालमत्ता वाढली का, म्हणजे बचत, जमीन, हत्यारं, परवाना, सहकारी संस्थेतले भाग, आणि तेही तिच्या स्वतःच्या नावावर? संघटनेची ताकद वाढली का? पुढारपण करणाऱ्या बायका वाढल्या का? एकेकटीने आणि सगळ्यांनी मिळून स्वतःच्या पायावर उभं राहणं जमलं का? लिहायला-वाचायला आलं का?

यातला ‘स्वतःच्या नावावर’ हा तुकडा पाहा. घर झालं, पण कागदावर नवऱ्याचं नाव, तर उत्तर ‘नाही’. मूल्यमापनाची कितीतरी जाड पुस्तकं मी चाळली आहेत, पण एवढ्या कमी शब्दांत एवढी कडक चाळणी क्वचित पाहिली. शिवाय पाळणाघराला विचारलं जातं, तुमच्यामुळे पुढारपण वाढलं का? वरवर हा प्रश्न भलतीकडचा वाटतो. पण जी बालसेविका दहा वर्षांपूर्वी चारचौघांत बोलायला लाजत होती ती आज संस्थेच्या मंडळावर बसून ताळेबंद वाचत असेल, तर मुलांना मिळणाऱ्या सेवेशी त्याचा संबंध नाही असं कोण म्हणेल?

दर्जा मोजण्याचं शास्त्र वेगळ्या वाटेने याच्या जवळ आलं. अवेदिस डोनाबेडियन हे बैरुतमध्ये जन्मलेले डॉक्टर. त्यांनी १९६६ साली एका लेखात सांगितलं, की सेवेचा दर्जा तीन ठिकाणी पाहावा : साधनं आणि माणसं काय आहेत, काम कोणत्या रीतीने होतं, आणि शेवटी माणसाचं काय झालं. आज जगभरची रुग्णालयं याच तीन पायऱ्यांनी स्वतःला तपासतात. पाळणाघराला ही पद्धत लावली की मधली पायरी सगळ्यात बोलकी ठरते. खोली किती चौरस फुटांची, हे कुणीही मोजेल. पण रडणाऱ्या मुलाकडे सेविका किती वेळात वळते, जेवताना मुलांशी बोलते की नुसतं वाढते, आई न्यायला आली की दिवसभराचं काही सांगते का, हे पाहायला तिथे बसावं लागतं. तासन् तास.

आयांना विचारलं तर? विचारावंच. पण ‘समाधानी आहात का’ या प्रश्नावर माझा विश्वास नाही. जिच्या मुलाला आजवर कुणी सांभाळलंच नव्हतं ती बाई ‘सगळं छान आहे’ म्हणेल, आणि त्यात तिची भीडही असेल, कारण सेविका शेजारच्याच गल्लीतली. त्यापेक्षा विचारावं : ‘केंद्र बंद होतं त्या दिवशी तुम्ही काय केलंत?’ एकीने खाडा केला, दुसरीने थोरलीला शाळेतून ठेवून घेतलं, तिसरी म्हणाली सासूबाई होत्या, काही अडलं नाही. या तीन उत्तरांत सेवेची किंमत आपोआप कळते, कुणालाही गुण न देता.

जे मूल आलंच नाही त्याच्याकडे बघण्याचा धडा तर आपल्याकडे फार आधी घालून दिला गेला. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या आणि १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. बालवाडी चालू झाली, पण दलित वस्तीतली, आदिवासी पाड्यावरची मुलं तिथवर येईनात. त्यांनी मुलांना दोष दिला नाही, आयांना उपदेश केला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेली ‘अंगणवाडी’ त्या गैरहजेरीच्या नोंदीतून निघाली. सेवेच्या परीक्षेत पहिला प्रश्न ‘कोण आलं’ इतकाच ‘कोण आलं नाही’ हाही असायला हवा, हे त्यांनी कृतीने दाखवलं.

आता पुन्हा अहमदाबादला जाऊ, कारण तिथे पुढे जे घडलं ते मला सगळ्यात धाडसाचं वाटतं. ‘सेवा’ने १९९२ साली सभासदांसाठी विमा सुरू केला. विम्याचे दावे येऊ लागले, आणि पुन्हा एका वहीने डोळे उघडले. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचे दावे फार दिसत होते, आणि त्या बायका म्हाताऱ्या नव्हत्या. ऐन पस्तिशी-चाळिशीच्या, राबत्या वयातल्या. चौकशी केली तर कारणं एकात एक गुंतलेली. अति रक्तस्राव घेऊन मजुरीला जाणं अशक्य. त्यावर शस्त्रक्रियेशिवायचे उपचार आवाक्यात नाहीत. कर्करोगाची भीती. ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम’ ही डॉक्टरांपासून सासवांपर्यंत सगळ्यांची समजूत.

संस्थेने ठरवलं, आपल्या आरोग्यसेविका बायकांना एकत्र बसवून ताप, जुलाब आणि गर्भाशयाची शस्त्रक्रिया यांबद्दल समजावतील. आणि त्याचा उपयोग होतो की नाही हे औषधाची चाचणी करतात त्याच काटेकोर पद्धतीने तपासायचं. अठ्ठावीस गट केले. कोणत्या गटांत सेविकांचं शिक्षण द्यायचं आणि कोणत्या गटांत नाही, हे कुणाच्या मर्जीवर न सोडता निव्वळ योगायोगावर सोपवलं. वर मी ‘नसतं तर काय झालं असतं’ असं म्हटलं, त्या न दिसणाऱ्या बाजूला डोळ्यांसमोर आणण्याची माणसाने शोधलेली ही सर्वात चांगली युक्ती. गट पुरेसे असले की धडपड्या आया दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातात, गरिबी सारखी, पाण्याची टंचाईही सारखी. उरलेला फरक शिक्षणाचाच.

निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला : फरक पडला नाही. दावे, रुग्णालयात दाखल होणं, आजार, यांपैकी कशातही शिक्षणाचा ठसा दिसला नाही.

एका गरीब बायकांच्या सहकारी संस्थेने स्वतःच्याच लाडक्या कार्यक्रमाची अशी परीक्षा घेऊ दिली आणि नापास झाल्याचं जगाला सांगू दिलं, यापुढे मी खरोखर नतमस्तक होतो. आपल्या वार्षिक अहवालांत ‘उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला’ याखेरीज दुसरं वाक्य कधी वाचलं आहे का? आणि हे निष्फळपणाचं उत्तरच फार मोलाचं होतं. माहितीचा तुटवडा हे मूळ दुखणं नव्हतं, हे त्याने सांगितलं. बाईला सगळं समजावून सांगितलं, तरी तिच्या गावाजवळ रक्तस्रावावर औषधाने उपचार करणारं कुणी नसेल, तर ती जाणार त्याच शस्त्रक्रियेच्या टेबलावर. अशी परीक्षा या संस्थेने आधीही दिली होती. विम्याचा लाभ अगदी गरीब खेडूत सभासदांना मिळावा म्हणून सोळा तालुक्यांत दोन उपाय करून पाहिले होते. गरिबांतल्या गरिबांकडे लाभाचा कल काही झुकला नाही, हा निष्कर्ष २००७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्याच्या लेखकांत विदेशी विद्यापीठांतल्या अभ्यासकांबरोबर ‘सेवा’च्या मिराई चॅटर्जी आणि इतर कार्यकर्त्यांचीही नावं आहेत. परीक्षा देणारे आणि घेणारे एकाच पानावर.

दुसऱ्या वहीत उत्तर सापडण्याचे दाखले इतर देशांतही आहेत. इटलीत त्रिएस्ते शहराच्या मनोरुग्णालयाची सूत्रं १९७१ साली फ्रांको बाझालिया यांनी घेतली. तिथले रुग्ण झाडलोट, धुणीभांडी करत, पण ते ‘उपचार’ म्हणून, म्हणजे पगाराविना. १९७२ साली त्याच रुग्णांची कामगार सहकारी संस्था झाली आणि त्याच कामाची त्यांना रीतसर मजुरी मिळू लागली. सुधारणेची नोंद वॉर्डाच्या कागदाइतकीच पगारपत्रकावर झाली. पुढे १९९१ साली इटलीने सामाजिक सहकारी संस्थांसाठी वेगळा कायदा केला. त्यात एक प्रकार काळजीसेवा देणाऱ्या संस्थांचा, आणि दुसरा एरवी कुणी नोकरी देत नाही अशा माणसांना काम देणाऱ्यांचा. या दुसऱ्या प्रकारात किमान तीस टक्के कामगार अशा वंचित गटांतले असावे लागतात. शिवाय या संस्थांची तपासणी दर वर्षी व्हावी असं त्यात आहे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९८५ साली बारा जणींपासून सुरू झालेली घरगुती शुश्रूषेची सहकारी संस्था आज सुमारे दोन हजार जणांची आहे. म्हाताऱ्या, अपंग माणसांना अंघोळ घालणं, भरवणं, हिंडवणं हे त्यांचं काम. या धंद्यात माणसं टिकत नाहीत, इथे मात्र धंद्याच्या मानाने पुष्कळच टिकतात. सोडून जाणाऱ्यांचा आकडा ही खरं तर आस्थापना विभागाची बाब. पण ज्या आजीला दर महिन्याला नव्या अनोळखी हातांनी अंघोळ घातली जाते तिला विचारा, दर्जा म्हणजे काय ते.

सहकार म्हटलं की आपोआप सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. आणि ही गोष्ट महाराष्ट्राला सांगायला हवी, कारण सहकाराचा एवढा मोठा पसारा देशात क्वचित कुठे असेल. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभा केला तेव्हा ऊस पिकवणारा शेतकरी मालक झाला. ऊस तोडणारी बाई मालक झाली नाही. कोयत्यामागे उचल घेऊन मुकादमाबरोबर ती येते, सहा महिने कोपीत राहते, खाडा पडला की पैसे कापले जातात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अहमदाबादच्या विमा-वहीत जे दिसलं होतं तेच हे दुखणं. फरक इतकाच, की तिथे वही त्या बायकांची होती, म्हणून आधी त्यांनाच कळलं. इथे कारखान्याच्या वहीत उसाचं टनेज होतं, उतारा होता, मुकादमाची उचल होती. बाई कुठल्या रकान्यात नव्हतीच.

साखरशाळा काही ठिकाणी निघाल्या, तळमळीने चालवल्या गेल्या. पण सहा वर्षांखालच्या मुलांचं काय, हा प्रश्न बहुतेक टोळ्यांत अजून थोरल्या बहिणीच्या कडेवर आहे.

तुम्ही एखाद्या सहकारी कारखान्याचे सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा विषयपत्रिकेवर लेखी प्रश्न द्या : गेल्या हंगामात आपल्या टोळ्यांबरोबर सहा वर्षांखालची किती मुलं आली, त्यांतली किती दिवसा कुणाच्या देखरेखीखाली होती, आणि ज्यांच्याकडे कुणी नव्हतं त्यांच्या थोरल्या बहिणी शाळेत होत्या का. आकडा नसेल तर नाही असं इतिवृत्तात लिहून घ्या आणि या हंगामापासून मोजायला सांगा, ऊसतोड बायकांनाच बरोबर घेऊन. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं. तेवढ्या दिवसांत एक शेड, दोन सेविका आणि रंगीत पट्ट्यांची सोय कोणत्याही कारखान्याला सहज करता येते.